पिवळ्याचं हिरवं करणारे चाचा

आज मी भोसरीत ताठ उभी आहे ती आमच्या पाण्याच्या चाचांमुळे. काय झालं, कसं झालं ते मागाहून सांगते; आधी एवढं सांगून मोकळी होते, कारण गोष्ट रंगात आली की माणूस उपकार विसरतो. तर चाचा. भोसरीपासून पार चाकणपर्यंत सगळी एमआयडीसी पालथी घातली तरी एवढा संशयखोर माणूस दुसरा मिळायचा नाही. त्यांचा पाण्यावर विश्वास नव्हता, कॅनवर नव्हता, झाकणावर नव्हता, आणि सुपरवायझरच्या शब्दावर तर मुळीच नव्हता. विश्वास होता तो दोन इंग्रजी अक्षरांवर आणि त्यांच्या खांद्यावर बसलेल्या एका बारक्या आकड्यावर. तेवढं लिहिलेलं दिसलं की चाचा म्हणायचे, "हां. आता ओळख झाली."

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग इकडे आले आणि लेक जरा मोठा झाल्यावर प्लेटिंगच्या शॉपमध्ये कामाला लागले. लोखंडी पार्टवर जस्ताचा नाहीतर क्रोमचा पातळ थर चढवायचा, म्हणजे गंज लागत नाही, हा आमचा धंदा. माझं काम सोपं. बारके पार्ट तांब्याच्या तारेनं एका सांगाड्याला लटकवायचे आणि तो सांगाडा या टाकीतून त्या टाकीत बुडवत न्यायचा. काम सोपं, पण मी भित्री. सायरन वाजला तरी दचकायची. कोणी "ताई, जरा इकडं या" म्हटलं की वाटायचं, आता काढून टाकतात की काय. शॉपच्या मागे पत्र्याची एक शेड होती. धुण्याबुडवण्याचं सगळं विषारी पाणी तिथं जमायचं आणि साफ करूनच बाहेर सोडायचं, असा नियम. ती शेड म्हणजे चाचांचं राज्य. साठीला टेकलेले, कमरेत जरासे वाकलेले, आणि पायात एक काळा, एक पिवळा गमबूट. कोणी हसलं की म्हणायचे, "फाटला उजवा. डाव्यानं काय गुन्हा केला? त्याला का टाकू?"

केमिकल कधी नाकाशी नेऊन हुंगायचं नाही, लांब धरून हातानं वारा घालून थोडासा वास घ्यायचा, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. पण धडा एकदा अंगात भिनला की तो शेडच्या दारात थांबत नाही. चाचा कँटीनमधला चहाही असाच घ्यायचे. कप हातभर लांब, दुसऱ्या हातानं वाफेला वारा, मग मान हलवून "ठीक आहे", आणि मगच पहिला घोट. आमच्यातल्या मंदाताईच्या लेकाच्या लग्नात त्यांनी पंगतीत बसून आमटीच्या वाटीला वारा घातला, तेव्हा आचारी वाढप टाकून आला आणि म्हणाला, "काय पाहुणं, वास मारतीय का?" चाचा शांतपणे म्हणाले, "न्हाई, न्हाई. सवय हाय. पास झाली तुमची आमटी." आचाऱ्याला ते प्रशस्तिपत्र वाटलं का शिवी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्या दिवशी त्यानं चाचांच्या पानात दुसऱ्यांदा डाव फिरवला नाही.

शर्टाच्या खिशात पेनाच्या बाजूला रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या कायम. ती पट्टी पाण्यात बुडवली की लाल, पिवळी, हिरवी, निळी होते आणि पाणी ॲसिडकडं झुकलंय की सोड्याकडं ते सांगते; सात म्हणजे साधं पाणी, त्याच्या खाली आंबट. चाचांनी ती टँकरच्या पाण्यात बुडवली, मठ्ठ्यात बुडवली, शॉपच्या मालकानं दिवाळीला दिलेल्या सरबताच्या बाटलीतही बुडवली. एकदा आम्ही चौघी बायका गेटबाहेर पाणीपुरी खात होतो. चाचा आले, भैयाच्या मडक्यात पट्टी बुडवली, डोळ्यांजवळ धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "साडेतीन. माझ्या शेडमधून असलं पाणी बाहेर सोडलं तर मला नोटीस येईल." भैया घाबरला. आमचे घास तोंडातच. मग चाचांनी स्वतः एक प्लेट घेतली, वर तिखट जास्त मागितलं, आणि म्हणाले, "गटारीला चालत नाही. माणसाला चालतं. माणसाचं पोट लई मजबूत."

पण त्यांचं खरं वैर होतं आमच्या शॉपच्या एका जुन्या रीतीशी. आम्ही कोणतंच केमिकल नावानं ओळखत नव्हतो. निळं झाकण, लाल झाकण, पांढरा कॅन, काळा ड्रम, बस्स. "निळ्या झाकणाचं एक मग टाक," म्हटलं की काम चालायचं. वर्षानुवर्षं चाललं होतं. एक दिवस मी लाल झाकणाचा कॅन ढकलत नेत होते, तर चाचा आडवे आले.

"हिंगोलीवाली, ह्यात काय हाय?"

"लाल झाकणाचं पाणी."

"उद्या तुझ्या डोक्यावर मंदाची ओढणी टाकली, तर तू मंदा होशील का?"

मंदाताई तिथंच होती. चाकणजवळच्या जुन्या गावातली, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "व्हईल की! मग माझा नवराबी तिलाच देऊन टाकीन, घ्या!" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी खिशातून मार्कर काढला, कॅनवर मोठ्ठं HCl लिहिलं, म्हणजे ॲसिड, आणि शेजारच्या कॅनवर NaOCl लिहिलं, म्हणजे ब्लीचचं पाणी. म्हणाले, "हे दोघं एका बादलीत आले तर असा विषारी गॅस सुटतो की शॉपमध्ये माणूस राहणार नाही, नुसती झाकणं राहतील. सप्लायरनं उद्या झाकणं बदलली तर?" तीन महिने मी ते दोन्ही कॅन एकाच ट्रॉलीवर नेत होते.

त्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जाऊन बसू लागले. हौस नव्हती, भीती होती. चाचा पाण्याच्या टाकीच्या सिमेंटवर खडूनं लिहायचे आणि मी डबा खात बघायचे. शाळेत ही अक्षरं मी पाहिलीसुद्धा नव्हती, आणि पाहिली असती तरी अशी कुणी सांगितली नसती. मी विचारलं, "चाचा, कुठं दोन्ही अक्षरं मोठी, कुठं एक मोठं एक बारकं, असं काहून?" ते म्हणाले, "बसमध्ये कडेवर लेकरू घेतलेली बाई चढली तर तिकिटं किती?" "एक." "मग! मोठ्या अक्षराच्या कडेवर बारकं अक्षर असलं, तर ते एकच माणूस. Co म्हणजे एकटा कोबाल्ट. दोन्ही मोठी असली, तर दोघं वेगळे. CO म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन, आणि दोघांचा मिळून झालेला गॅस माणसाला झोपेत मारतो. एक अक्षर मोठं काढलंस तर एवढा फरक." मी त्या रात्री घरी जाऊन रेशनच्या पिशवीवरसुद्धा मोठी-बारकी अक्षरं तपासत बसले.

मग आकडे आले. "खालचा आकडा डोकी मोजतो, वरचा आकडा मिजाज सांगतो," असं त्यांचं सूत्र. H₂O मधला खालचा दोन म्हणजे हायड्रोजनची दोन डोकी. पण वर लिहिलेल्या अधिक-उण्यानं माझं डोकं फिरलं. मला वाटायचं, अधिक म्हणजे काहीतरी मिळालं आणि उणं म्हणजे गेलं. चाचा म्हणायचे, उलटं. ज्यानं आपल्या अंगावरचे इलेक्ट्रॉन दिले तो अधिक, ज्यानं घेतले तो उणा. मी म्हटलं, "माय गं! देऊन अधिक कसं व्हतं कोणी?" चाचांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "इलेक्ट्रॉन स्वतःच उणा असतो, उण्या स्वभावाचा. तुझी ती कटकटी नणंद गावाला गेली, तर घरात माणूस कमी झालं का न्हाई?" "झालं." "पण घर वर आलं का न्हाई?" मला इतकं हसू आलं की ठसका लागला. आणि ते जे डोक्यात बसलं ते आजतागायत हललेलं नाही. नणंद आली की मी मनात म्हणते, आला आपल्याकडं इलेक्ट्रॉन.

चाचांच्या दिवसातला सगळ्यात मोठा सोहळा दुपारी असायचा. आमच्या शॉपच्या पुढच्या भागात क्रोमचं काम चालायचं, त्याचं धुण्याचं पाणी पिवळंजर्द होऊन शेडमध्ये यायचं. चाचा सांगायचे, "हा क्रोमियम. Cr. वर सहा अधिक. हा सहावाला लई वाईट, कातडी खातो, फुप्फुस खातो, विहिरीत गेला तर गाव खातो." मग ते त्यात बेतानं ॲसिड सोडायचे, वरून एक पांढरी पावडर टाकायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. पिवळं पाणी हळूहळू मळकट व्हायचं आणि बघता बघता हिरवं. "झाला! सहाचा तीन झाला!" रोज तेच पाणी, रोज तोच आनंद. वॉचमनला, ट्रकवाल्याला, कधी कधी चहा देणाऱ्यालाही हाताला धरून दाखवायचे. तीनवाला मग चुन्यानं तळाशी बसायचा आणि वरचं पाणी नितळ निघायचं. एकदा मला म्हणाले, "बघ, नाव बदललं न्हाई. आधीबी क्रोमियम, आताबी क्रोमियम. जे घ्यायचं होतं ते मिळालं आणि शांत झाला. माणसाला लोक नावावरून वळखतात. वर काय चढलंय ते कोण बघतं?"

खोलीवर जाताना शेअर रिक्षात बसून विचार करत राहिले. सातवी सुटलेली, हिंगोलीची, तारवाली बाई, एवढंच माझं नाव. माझ्या आत काय चाललंय, कशाची धडधड आहे, ते दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बसून बघितलं होतं.

आता मुख्य गोष्ट. चाकणच्या ज्या मोठ्या गाडीकंपनीला आमचे पार्ट जायचे, त्यांचं ऑडिट येणार असं कळलं. त्यांची माणसं शॉपभर फिरणार, लाइनवरच्या कोणालाही अचानक विचारणार, "या टाकीत काय आहे?" सुपरवायझरनं सगळ्यांना उभं करून उत्तरं पाठ करून घेतली आणि सांगितलं, "ज्याला सांगता येणार नाही त्यानं दुसऱ्या दिवसापासून येऊ नये." नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद होती. आमची खोली माझ्या एकटीच्या कामावर उभी होती. मंदाताई म्हणाली, "तू कशाला भितीस? त्या म्हाताऱ्यानं तुला इंजिनेर केलंय न्हवं?" पण मला जेवण जाईना. माहीत असणं वेगळं आणि साहेबापुढं तोंड उघडणं वेगळं.

त्या कंपनीची एक अट होती: त्यांच्या पार्टला सहावाला क्रोमियम लागताच कामा नये. म्हणून आमच्या लाइनवर जस्त चढवल्यानंतर जी शेवटची टाकी होती, तिच्यात तीनवालं पाणी होतं. ऑडिटसाठी सुपरवायझरनं सगळ्या टाक्यांच्या नव्या चकचकीत पाट्या छापून आणल्या. नमुना म्हणून छपाईवाल्याला जुन्या काळच्या, त्या टाकीत सहावालं असायचं तेव्हाच्या पाट्या दिल्या. तो बिचारा आहे तसं छापून मोकळा झाला. सकाळी घाईघाईत पाट्या लागल्या. कोणी वाचल्या नाहीत, कारण आमच्याकडं वाचायची रीतच नव्हती. आम्ही टाकी कठड्याच्या रंगावरून ओळखायचो. ऑडिटवाल्या मॅडम दोन टाक्यांच्या अंतरावर आल्या होत्या, तेव्हा माझी नजर वर गेली. आमच्या शेवटच्या टाकीवर लिहिलं होतं: Cr⁶⁺.

गप्प बसावं, तर मॅडम स्वतःच वाचणार आणि ऑर्डर जाणार, सगळ्यांचंच काम जाणार. बोलावं, तर सुपरवायझरची चूक चारचौघांत मी काढल्यासारखी होणार, आणि मी जाणार. तोवर मॅडम समोर आल्या. वयानं माझ्याहून लहान, डोक्यावर पांढरं हेल्मेट.

"ताई, या टाकीत काय आहे?"

सुपरवायझर मागून डोळ्यांनी खुणावत होता, पाठ केलेलं म्हण, पाठ केलेलं म्हण.

"मॅडम," मी म्हटलं, "पाटी चुकलीय."

"पाटी चुकलीय का टाकी चुकलीय?"

"पाटी. पाटीवर सहा आहे, आत तीन आहे. सहा पिवळं असतं. हे बघा, हिरवट आहे."

"रंग काय, कशानंही येतो."

बरोबरच होतं त्यांचं. हातातली तार वाजत होती. पण आता मागं फिरायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "मग चाचांना बोलवा. त्यांच्याकडं एक औषध आहे, मी शेडमध्ये पाहिलंय. एक थेंब टाकला की सहावाला असेल तर पाणी जांभळं होतं. खोटं निघालं तर मला काढा."

चाचा आले, एक काळा एक पिवळा गमबूट घालून. दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत शेडमधलं पिवळं पाणी, एकीत आमच्या टाकीतलं. दोन्हींत थेंब टाकले. पहिली नळी जांभळी झाली, गडद, वांग्यासारखी. दुसरी होती तशीच राहिली. मॅडमनी ती उजेडात धरून पाहिली, फिरवून पाहिली. सुपरवायझरनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. मॅडम हसल्या आणि मला म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मला काय, अभिमान वाटला. मी बोट दाखवलं. "चाचांनी! सगळं चाचांनी."

मॅडम चाचांकडं वळल्या. फार आदरानं बोलल्या. "चाचा, पाण्याचं सगळं तुम्हीच बघता? शिक्षण काय झालंय तुमचं?"

"चौथी."

"आणि हे सगळं?"

"आधी एक केमिस्ट होते, त्यांनी थोडं सांगितलं. बाकी कॅनवर लिहिलेलंच असतं की."

"कुठलं सर्टिफिकेट?"

चाचांनी मान हलवली. मॅडमचा हात टॅबवर थांबला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला लिहावं लागेल, चाचा. या कामावर सर्टिफिकेटवाला माणूस लागतो."

"लिहा की," चाचा म्हणाले आणि नळ्या धुवायला गेले.

ऑर्डर राहिली. सुपरवायझरनं मला काढलं नाही. उलट महिन्याभरात मला तारेवरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवलं. त्याच महिन्यात चाचांच्या जागी डिप्लोमावाला मुलगा आला. मालकानं चाचांना शाल दिली, नारळ दिला, चार चांगले शब्द बोलला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे हातच उचलले गेले नाहीत. मी एकटीनं त्यांच्याकडं बोट दाखवलं होतं.

तीन गुरुवार मी नुसतं ठरवत राहिले. आमच्याकडं सुट्टी गुरुवारची. चौथ्या गुरुवारी काळेवाडीला त्यांच्या घरी गेले. दार चाचींनी उघडलं, आणि मी कोण हे कळताच मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. "तू केमिकलवाली ना? बघ बाई ह्यांचा कारभार!" फळीवरच्या एकूण एक डब्यावर मार्करनं लिहिलेलं. मिठावर NaCl. खायच्या सोड्यावर NaHCO₃. साखरेच्या डब्यावर तर C₁₂H₂₂O₁₁, ते अर्ध्या डब्याला वेढा घालून गेलेलं. चाची म्हणाल्या, "साखर शोधायची तर डबा फिरवावा लागतो. चाळीस वर्षं संसार केला, आता म्हातारपणी मला शाळेत घातलीय." चाचा आतून ओरडले, "चहापत्तीचं अजून जमलं न्हाई, त्यात लई जण राहतात!"

चहा झाला. मी खाली बघून म्हटलं, "चाचा, मी तुमचं नाव घ्यायला नको होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तू काय केलंस? सहाला सहा म्हणालीस, तिनाला तीन म्हणालीस. त्या पोरीनं चौथीला चौथी म्हटलं. दोघी बरोबर. मी तुला हेच शिकवलं न्हवं का, जे हाय ते लिहायचं?" पुढं म्हणाले, "दुपारी दोन वाजले की जीव लागत न्हाई, एवढंच. आता तिकडं हिरवं झालं असेल, असं वाटतं." चाची उठून आत गेल्या. त्यांनी भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

परत येताना मी बसच्या थांब्यावर बराच वेळ उभी राहिले. दोन बसा सोडल्या. दुसऱ्या आठवड्यात शाळेत जाऊन बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "या वयात? कशाला?" मी म्हटलं, "विज्ञान पाहिजे." सध्या मी गुरुवारी लेकाच्या शेजारी बसून त्याचंच पुस्तक वाचते. तो म्हणतो, आई, तुला अक्षरांवरचे आकडे आधीच येतात, धडे मात्र येत नाहीत. खरं आहे त्याचं. इंग्रजीनं घाम फुटतो, गणितानं त्याहून. दहावी झाली की आयटीआयला केमिकल प्लांटचा कोर्स असतो, तिथं विचारून ठेवलंय. किती वर्षं लागतील ठाऊक नाही. नापास झाले तर काय, हा विचार मनात येतो आणि मी दचकते, पूर्वीसारखीच.

पण चाचा, तुम्ही हे वाचाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. एक दिवस त्या शेडच्या रजिस्टरमध्ये सर्टिफिकेटवाल्याच्या रकान्यात माझी सही पडेल. त्या दिवशी मी काळेवाडीला रिक्षा घेऊन येईन, गेटवर तुमच्या नावाचा पास काढीन आणि दुपारी दोनला तुम्हाला टाकीपाशी खुर्ची टाकून बसवीन. तुम्ही काही करायचं नाही. पावडर मी टाकीन. पाणी हिरवं झालं की नाही तेवढं तुम्ही सांगायचं.